कागद नाकारला की देश नाकारला जातो : भेदभावातून नागरिकत्वविहीनता कशी तयार होते

नागरिकत्वाचा विषय निघाला की आपल्यातले बरेच तरुण म्हणतात, "हा आसामचा प्रश्न, रोहिंग्यांचा प्रश्न; आपला काय संबंध?" धामणगाव रेल्वेच्या आसपासच्या गावांत आणि बेड्यांवर जाताना आम्हीही हेच ऐकतो. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. भेदभावाने माणसाचे कागद कसे हिरावले जातात हे आपल्या शेजारच्या पारधी बेड्यावर दिसते. आणि ज्या देशांत मोठ्या समूहांचे नागरिकत्व गेले, त्यांतले काही देश बौद्धबहुल आहेत. म्हणून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

नागरिकत्वविहीन म्हणजे कोण?

संयुक्त राष्ट्रांच्या 1954 च्या करारानुसार, जगातला कोणताही देश आपल्या कायद्याने ज्याला आपला नागरिक मानत नाही, ती व्यक्ती नागरिकत्वविहीन. भारताने हा करार किंवा नागरिकत्वविहीनता कमी करण्याचा 1961 चा करार स्वीकारलेला नाही. मात्र प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असे मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्याचे 15 वे कलम सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने 2017 मध्ये नोंदवले की, जगातल्या ज्ञात नागरिकत्वविहीन लोकांपैकी 75 टक्क्यांहून अधिक अल्पसंख्य समूहांतले आहेत. म्हणजे हा नुसता कारकुनी चुकांचा परिणाम नव्हे.

कागद नसलेला माणूस आणि नागरिकत्वविहीन माणूस एकच नाहीत, हेही लक्षात घ्या. पहिला कायद्याने नागरिक असतो, पण त्याला ते सिद्ध करता येत नाही. मात्र या दोन अवस्थांमधले अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

तीन पायऱ्या

आमच्या समजुतीप्रमाणे हे तीन पायऱ्यांनी घडते. आधी कायदा किंवा समाज एका समूहावर "हे आपले नव्हेत" असा शिक्का मारतो. मग त्या शिक्क्यामुळे जमीन, शाळा, नोंद, दाखला या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शेवटी तेच राज्य त्यांना म्हणते, पुरावा दाखवा. जो कागद दिलाच नाही, तोच मागितला जातो.

आपल्या शेजारचे उदाहरण : फासेपारधी

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतापुरता होता. 1911 आणि 1924 च्या कायद्यांनी तो देशभर लागू करता येऊ लागला. जन्मानेच गुन्हेगार ठरवणे, पोलिसांत हजेरी लावणे, परवानगीशिवाय गाव न सोडणे असा तो कारभार होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला; हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला आणि पोलिसांची नजर तशीच राहिली.

महाराष्ट्रात पारधी आणि फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. त्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचे दाखवावे लागते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. ज्यांना 1952 पर्यंत कायद्याने गुन्हेगार मानले आणि ज्यांना कोणत्याही गावाने वस्ती करू दिली नाही, त्यांनी 1950 चा रहिवास कुठून दाखवायचा? बेडा अनेकदा ई-क्लास जमिनीवर असतो. तिथल्या झोपडीची नोंद अतिक्रमण म्हणून होते. नमुना 8 नाही, म्हणून रहिवासी पुरावा नाही. बाळंतपण बेड्यावर झाले, म्हणून जन्मनोंद नाही. जन्मनोंद नाही आणि मूल शाळेत टिकले नाही, म्हणून टी.सी. नाही. टी.सी. नाही, म्हणून जातीचा दाखला नाही. रेणके आयोगाने 2008 मध्ये आणि पुढे इदाते आयोगाने हीच कागदांची कमतरता शासनापुढे ठेवली.

आपल्या लगतच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी 2012 मध्ये फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा उभी केली. जून 2019 मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिचा काही भाग पाडला गेला. ज्या समाजाला शाळेचा दाखला हाच पहिला सरकारी कागद ठरतो, त्याच्यासाठी शाळेची भिंत पडणे ही साधी गोष्ट नाही.

हे सर्व लोक भारताचे नागरिक आहेत, याबद्दल शंका नको. पण नागरिकत्व कायद्यानुसार 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचे किमान एक पालक नागरिक असावे लागतात. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्याचे दोन्ही पालक नागरिक असावेत, किंवा एक नागरिक आणि दुसरे बेकायदा स्थलांतरित नसावेत. म्हणजे आजच्या मुलाचा पुरावा आईबापाच्या पुराव्यावर उभा आहे. ज्या घरात दोन पिढ्यांचे कागद नाहीत, त्या घरावर या साखळीचे ओझे सर्वांत जास्त पडते.

आसामात हे मोठ्या प्रमाणावर दिसले. तिथल्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी 31 ऑगस्ट 2019 रोजी, म्हणजे नेमकी विमुक्त दिनालाच, जाहीर झाली. तीतून 19 लाख 6 हजार 657 लोक वगळले गेले. आपल्याकडेही जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. तक्रारींत अकोला, अमरावती जिल्ह्यांची नावे पुढे होती. खोटे दाखले रोखलेच पाहिजेत. पण अशा चाळणीत सर्वांत आधी बेड्यावरचा खरा माणूस अडकतो.

बौद्धांनी दोन्ही बाजू पाहाव्यात

कागदावरच्या एका शब्दाने काय होते, हे आपल्या आईवडिलांना ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडले. चौतीस वर्षे धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिण्याची किंमत मोजावी लागली.

चकमा तर आपलेच धम्मबांधव. कर्णफुली नदीवरच्या काप्ताई धरणाने विस्थापित झालेले आणि छळाला कंटाळून पूर्व पाकिस्तानातून आलेले चकमा 1964 ते 1969 दरम्यान आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये त्यांना संरक्षण दिले आणि 2015 मध्ये पात्र लोकांना नागरिकत्व देण्याचा आदेश दिला. तरी त्यांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही.

आता दुसरी बाजू. म्यानमारच्या 1982 च्या कायद्याने 1823 पूर्वीपासूनच्या 'राष्ट्रीय वंशां'ना पूर्ण नागरिकत्व दिले. रोहिंग्या त्यात नाहीत. 2017 मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. श्रीलंकेने 1948 च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतल्या सुमारे सात लाख तमिळ मजुरांना नागरिकत्वाबाहेर ठेवले. 1964 च्या शास्त्री-सिरिमावो कराराने त्यांची दोन देशांत वाटणी केली. उरलेल्यांसाठी 2003 मध्ये कायदा करावा लागला. भूतानने 1985 च्या कायद्यात 31 डिसेंबर 1958 च्या वास्तव्याची अट घातली, आणि एक लाखाच्या वर नेपाळीभाषक लोक नेपाळच्या छावण्यांत गेले.

हे तिन्ही देश बौद्धबहुल आहेत. "ते राजकारण, धम्म नव्हे" असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे नाकारण्यासाठीच आपण धम्म स्वीकारला. मग चकम्यांसाठी बोलायचे आणि रोहिंग्यांच्या वेळी गप्प बसायचे, हे चालणार नाही. जातीचा शिक्का आणि वंशाचा शिक्का एकाच कारखान्यात तयार होतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

1. बेड्यावर, वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात बाळ जन्मले की 21 दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंद करा. ती मोफत आहे. वर्षानंतरच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी, आधार यांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे.
2. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे घरोघरी सांगा. 2016 च्या आधार कायद्याचे 9 वे कलमच तसे म्हणते.
3. जुन्या नोंदी शोधा : कोतवाल बुकाची नक्कल, जिल्हा परिषद शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जुन्या मतदारयाद्या. सर्व कागदांवर नाव एकसारखे आहे का, तेही तपासा.
4. अर्जाची पोच घ्या. तोंडी नकार मानू नका. लेखी कारण मागा. जातप्रमाणपत्राच्या 2000 च्या कायद्यात नकाराविरुद्ध अपील आहे.
5. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि मुलांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

आपल्या घरात आज कागद आहेत, कारण कुणीतरी पहिल्यांदा आपल्या आजोबांचे नाव शाळेच्या रजिस्टरात लिहिले. बेड्यावरच्या मुलाचे नाव अजून लिहायचे आहे. येत्या 31 ऑगस्टला भाषणे कमी झाली तरी चालतील. प्रत्येक विहारातून दोन जणांनी जवळच्या बेड्यावर जाऊन न झालेल्या जन्मनोंदींची यादी करावी, एवढे आमचे आवाहन आहे.

जय भीम!