काविळीचा शोध आणि हैदराबादची लस

हैदराबाद शहरातील बरकतपुरा ही वस्ती काचीगुडा स्थानक आणि नारायणगुडा यांच्या मधल्या भागात वसली आहे. निजामी राजवटीत मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत येणारा लोहमार्ग काचीगुड्यास येऊन पोहोचत असे. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात असल्यामुळे विद्येसाठी, नोकरीसाठी आणि औषधोपचारासाठी मराठी माणसाची पावले याच वाटेने राजधानीकडे वळत. बरकतपुऱ्याच्या ईशान्येस उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो आणि त्याच्यापलीकडे हबशीगुड्याच्या बाजूस पेशी व रेणवीय जीवशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात काविळीवरील एका लशीचा इतिहास या टापूतील प्रयोगशाळांमध्ये घडला.

कावीळ हा आपल्या समाजाला फार जुन्या काळापासून ठाऊक असलेला रोग. कावीळ झालेल्यास जग पिवळे दिसते, ही म्हण प्रत्येक घरी ऐकू येते. गळ्यात काविळीची माळ घालावी, चुन्याच्या पाण्याने हात चोळून कावीळ उतरवावी, हे उपाय गावोगाव चालत आले आहेत. त्यांवर लोकांचा विश्वास बसण्याचे कारणही उघड आहे. दूषित अन्नपाण्यातून होणारी कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि श्रेय मात्र माळेला मिळते. परंतु कावीळ हे लक्षण आहे. तिच्यामागे यकृताचा दाह घडविणारे निरनिराळे विषाणू असतात, आणि त्यांतील काही वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम ठोकतात, हे कळावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

या ज्ञानाच्या वाटेवर भारताने मोठी किंमत मोजली आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने दिल्लीजवळ आपला प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे घाण पाणी वझिराबाद येथील पाणीपुरवठ्याच्या तोंडाशी येऊन मिसळले. त्या वर्षाच्या अखेरीस उसळलेल्या साथीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली आणि गरोदर स्त्रियांवर तिचा घाला विशेष क्रूर ठरला. ही पूर्वी ठाऊक असलेलीच संसर्गजन्य कावीळ होय, असा त्या वेळी समज झाला. सुदैवाने रोग्यांच्या रक्ताचे नमुने जतन करून ठेवले होते. १९८० मध्ये नव्या कसोट्यांनी ते तपासले, तेव्हा त्यांत ‘अ’ किंवा ‘ब’ या दोन्ही विषाणूंचा दोष आढळला नाही. १९७८ च्या काश्मीरमधील साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही स्वतंत्रपणे हेच अनुमान काढले होते. या विषाणूस पुढे ‘ई’ हे नाव मिळाले.

महाराष्ट्राचाही या शोधात वाटा आहे. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. कोल्हापूर शहरात १९८१ मध्ये पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचा या संस्थेने रक्ततपासणीच्या आधारे अभ्यास केला. १९८४ मध्ये संस्थेच्या डॉ. विद्या अरणकल्ले, डॉ. खोरशेद पावरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्यांच्या विष्ठेतील विषाणूसदृश कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचे प्रसिद्ध केले.

‘ब’ विषाणूची कथा निराळी आहे. तो पाण्यातून येत नाही. रक्त, दूषित सुई, शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे, असा त्याचा प्रवास असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ मध्ये त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणून जाहीर केले. ते ‘ब’ विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे पुढे सिद्ध झाले. यामुळे दोन दारे एकदम उघडली. दात्याचे रक्त तपासून दूषित रक्त बाजूस काढता येऊ लागले. आणि शरीराला त्या आवरणाची ओळख आधीच करून दिली तर विषाणूचा प्रतिकार होईल, ही लशीची कल्पना पुढे आली. १९७६ चे नोबेल पारितोषिक ब्लुमबर्ग यांना मिळाले.

पहिली लस १९८१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती विषाणू बाळगणाऱ्या माणसांच्या रक्तद्रवापासून बनवीत, म्हणून तिचा पुरवठा तोकडा होता. १९८६ मध्ये यीस्टच्या पेशीत आवरणाचे जनुक बसवून ते प्रथिन तयार करण्याची युक्ती साधली. लस निर्धोक झाली, मुबलकही होऊ शकत होती. पण तिची किंमत भारतातील सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहिली. एका मात्रेस सातशे रुपयांहून अधिक, आणि मात्रा तीन. ज्या घरात महिन्याची प्राप्तीच एवढी नसे, त्या घरातील बालकासाठी ही लस असून नसल्यासारखीच होती.

हे कोडे सोडविण्यास पुढे आलेले के. आय. वरप्रसाद रेड्डी हे वैद्य नव्हते, जीवशास्त्रज्ञही नव्हते. ते इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते होते. परदेशी कंपनीकडे लशीचे तंत्र मागितले असता भारतीयांना ते पेलणार नाही, अशा आशयाचे अपमानास्पद उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९९३ मध्ये त्यांनी मातेच्या नावाने शांता बायोटेक्निक्स ही संस्था काढली. उस्मानिया विद्यापीठात आणि त्यानंतर पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात तरुण संशोधकांनी काम केले. मिथेनॉलवर वाढणाऱ्या ‘पिकिया’ नावाच्या यीस्टमध्ये जनुक बसविण्यात आले. भांडवलासाठी देशात दारोदार फिरूनही पुरेसे यश आले नाही. अखेर ओमानमधून साहाय्य मिळाले.

ऑगस्ट १९९७ मध्ये ‘शानव्हॅक-बी’ ही लस बाजारात आली. जनुकीय तंत्राने भारतात निर्माण झालेली ती पहिली लस होय. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, शेजारच्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले होते. लवकरच हैदराबादेतीलच भारत बायोटेकची लसही आली, स्पर्धा वाढली, आणि काही वर्षांत मात्रेची किंमत पन्नास रुपयांच्या आसपास उतरली. किंमत उतरली म्हणूनच सरकारला २००२ पासून निवडक जिल्ह्यांत व शहरांत ही लस देण्याचा प्रयोग करता आला, आणि २०११ पर्यंत ती देशभराच्या लसीकरणात सामील झाली.

तरीही काम संपलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक ‘ब’ विषाणू बाळगून होते. त्यांतील बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. प्रौढास हा संसर्ग झाला तर तो बहुधा निघून जातो. जन्माच्या वेळी झाला तर दहापैकी नऊ बालकांत तो कायमचा घर करतो आणि पुढे यकृत निकामी करतो किंवा कर्करोग घडवितो. म्हणून पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आत पडणे अगत्याचे आहे. २८ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन तपासणी व उपचार विनामूल्य मिळू लागले. गरोदर स्त्रीच्या रक्ताची वेळेवर तपासणी, नवजात बालकास पहिल्याच दिवशी लस आणि नळास शुद्ध पाणी, एवढी व्यवस्था प्रत्येक तालुक्यात नेमाने पोहोचली, तर दिल्लीच्या साथीत बळी पडलेल्या मातांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.