मोटारसायकलमधील अतिप्रभारण

मोटारसायकलच्या बॅटरीला गरजेपेक्षा अधिक विद्युतदाबाने वीज मिळत राहणे या दोषास अतिप्रभारण किंवा प्रचलित भाषेत ओव्हरचार्जिंग असे म्हणतात. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी इंजिन चालू असताना साधारणपणे १३.५ ते १४.५ व्होल्ट इतका दाब योग्य मानला जातो. हा दाब सातत्याने १५ व्होल्टच्या वर राहिल्यास प्रभारण यंत्रणेत दोष आहे असे समजावे. वेळीच दुरुस्ती न केल्यास बॅटरी निकामी होते, दिवे जळतात आणि इंधन अंतःक्षेपण, एबीएस यांसारख्या प्रणालींच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांनाही इजा पोहोचू शकते.

यंत्रणेची रचना

इंजिनच्या भुजादंडावर बसवलेला अल्टरनेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो. रेक्टिफायर त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि रेग्युलेटर दाब मर्यादित ठेवतो. आधुनिक वाहनांत रेक्टिफायर व रेग्युलेटर हे बहुधा एकाच, पंखे असलेल्या अॅल्युमिनियमच्या खोक्यात असतात.

बहुतेक मोटारसायकलींतील अल्टरनेटर कायमचुंबकी असतो. त्याचे चुंबकक्षेत्र कमी-अधिक करता येत नसल्याने इंजिनच्या फेऱ्यांबरोबर दाब वाढत जातो. शंट प्रकारचा रेग्युलेटर ठरावीक दाबानंतर स्टेटरची वेटोळी थायरिस्टरद्वारे लघुपरिपथित करतो, तर सिरीज प्रकारचा रेग्युलेटर बॅटरीकडे जाणारा मार्गच खंडित करतो. होंडा सीबी ७५० (१९६९) सारख्या काही वाहनांत चुंबकाऐवजी क्षेत्र-वेटोळे वापरले असून त्यातील प्रवाह घटवून निर्मिती आटोक्यात ठेवली जाते. १९६० च्या दशकातील १२ व्होल्टच्या ब्रिटिश ट्रायम्फ व बीएसए मोटारसायकलींत जादा वीज झेनर डायोडमार्फत उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जात असे.

लक्षणे व परिणाम

शिसे-आम्ल बॅटरीच्या प्रत्येक घटावरील दाब सुमारे २.४ व्होल्टच्या पुढे गेला की द्रावणातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू वेगाने निघू लागतात. त्यामुळे पाण्याची पातळी वारंवार उतरते, बॅटरी तापते आणि श्वासनळीतून आम्लाचे तुषार बाहेर पडून आसपासचे धातुभाग गंजतात. पातळी प्लेटांच्या खाली गेल्यास त्यांचा उघडा भाग कायमचा निकामी होतो. बंदिस्त बॅटरीत पाणी घालण्याची सोय नसल्याने ती फुगते. कुजक्या अंड्यासारखा वास हे गंभीर अतिप्रभारणाचे लक्षण आहे. फेऱ्या वाढवताच दिवे अति प्रखर होणे आणि बल्ब वारंवार जळणे हीही नेहमीची लक्षणे होत.

कारणे

रेग्युलेटरमधील दोष : शंट रेग्युलेटरचा थायरिस्टर किंवा त्याचा नियंत्रक परिपथ बंद पडल्यास जादा वीज वळवली जात नाही व दाब फेऱ्यांबरोबर वाढत जातो.

संवेदक तारेतील दाबघट : काही रेग्युलेटर बॅटरीचा दाब इग्निशन स्विचमधून येणाऱ्या स्वतंत्र तारेवरून मोजतात. स्विचचे संपर्क किंवा जोडण्या गंजल्या असतील, तर रेग्युलेटरला खऱ्यापेक्षा कमी दाब दिसतो. उदाहरणार्थ, या तारेत ०.८ व्होल्टची घट असल्यास १४.२ व्होल्टवर बेतलेला रेग्युलेटर प्रत्यक्ष बॅटरीवर १५ व्होल्ट पोहोचवतो. अशा वेळी रेग्युलेटर निर्दोष असूनही बदलला जातो आणि दोष कायम राहतो.

सदोष अर्थिंग : ज्या लहान मोटारसायकलींत हेडलाइट थेट प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो, तेथे रेग्युलेटर जादा वीज अर्थिंगमार्फत वळवतो. ही तार तुटल्यास बल्ब जळतात.

सैल बॅटरी-जोडणी : बॅटरी यंत्रणेतील दाबाचे चढउतार शोषून घेते. तिचे टर्मिनल सैल असल्यास किंवा मुख्य फ्यूज उडाल्यास दिव्यांवरील दाब वाढतो. मात्र या प्रसंगी बॅटरी उतरलेली आढळते.

स्टेटर जळाल्याने अतिप्रभारण होत नाही. त्या दोषात प्रभारण कमी होते किंवा थांबते.

दोषनिदान

तपासणीपूर्वी मल्टीमीटरची स्वतःची बॅटरी नवी असल्याची खात्री करावी, कारण ती उतरली असता अनेक डिजिटल मल्टीमीटर प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडा दाखवतात.

१. पूर्ण प्रभारित बॅटरी काही तास स्थिर ठेवून तिचा दाब मोजावा. तो १२.६ ते १२.८ व्होल्ट असावा. १०.५ व्होल्टच्या आसपासचा आकडा एक घट निकामी झाल्याचे सुचवतो. अशा बॅटरीवर घेतलेली पुढील मापे विश्वसनीय नसतात.

२. इंजिन सुरू करून बॅटरीच्या टर्मिनलांवर दाब मोजावा आणि फेऱ्या हळूहळू मिनिटाला ४,००० ते ५,००० पर्यंत वाढवाव्यात. दाब एका मर्यादेवर स्थिरावला पाहिजे. तो १५ व्होल्ट ओलांडून वाढतच राहिल्यास इंजिन त्वरित बंद करावे.

३. स्वतंत्र संवेदक तार असल्यास, इंजिन मंद गतीवर चालू असताना बॅटरीचे धन टर्मिनल व रेग्युलेटरजवळील संवेदक तार यांच्यामधील दाब मोजावा. त्यानंतर ऋण टर्मिनल व रेग्युलेटरचे अर्थिंग यांच्यामधील दाब मोजावा. दोन्ही ठिकाणी ०.२ व्होल्टपेक्षा अधिक घट आढळल्यास प्रथम जोडण्या, स्विचचे संपर्क व अर्थिंगचे बिंदू स्वच्छ करून पुन्हा मापन करावे.

४. क्षेत्र-वेटोळ्याच्या यंत्रणेत रेग्युलेटरची जोडणी काढून पाहावी. प्रभारण थांबल्यास रेग्युलेटर किंवा त्याची संवेदक तार सदोष असते. न थांबल्यास क्षेत्र-वेटोळ्याच्या तारेला अन्यत्र वीज मिळत आहे असे समजावे. रेक्टिफायर व रेग्युलेटर एकत्र असलेल्या कायमचुंबकी यंत्रणेत ही चाचणी निरुपयोगी ठरते, कारण जोडणी काढताच प्रभारण पूर्ण थांबते.

५. बॅटरी, तारा व जोडण्या निर्दोष आढळल्यावरच रेग्युलेटर बदलावा.

दुरुस्ती व सुरक्षितता

नवा रेग्युलेटर वाहनाच्या यंत्रणेस अनुरूप असावा व हवेचा झोत मिळेल अशा जागी धातूवर घट्ट बसवावा. जुन्या इग्निशन स्विचमधील दाबघट दूर होत नसल्यास संवेदक तारेला रिलेमार्फत थेट बॅटरीचा दाब देता येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवलेल्या वाहनांत अधिक दक्षता आवश्यक असते, कारण चार घटांच्या अशा बॅटरीची कमाल प्रभारण-मर्यादा सामान्यतः १४.६ व्होल्ट असते.

हवेतील हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून तपासणी मोकळ्या हवेत करावी. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे व जोडताना ते शेवटी जोडावे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून प्रभारण पाहण्याची पद्धत धोकादायक आहे. त्यामुळे उसळणारा दाब इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो. बॅटरीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.