उच्च शिक्षणातील प्रवेशपात्रता : नियम, अपवाद आणि कल्याणच्या आनंदीबाई जोशी

प्रस्तावना

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर विद्यार्थ्यांच्या रांगा लागत असत. अलीकडे यातील बराचसा व्यवहार संगणकाद्वारे होत असला, तरी मूळ प्रश्न बदललेला नाही. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या मंडळातून आलेल्या विद्यार्थ्याचे पात्रता प्रमाणपत्र या कागदांची पूर्तता झाली की विद्यार्थी 'पात्र' ठरतो. एखादा कागद नसेल तर तो 'अपात्र' किंवा 'तात्पुरता पात्र' ठरतो. आपण अध्यापक मंडळी हे शब्द इतक्या सहजतेने वापरतो की, पात्रतेच्या या कल्पनेला स्वतःचा असा इतिहास आहे, याचे आपल्याला सहसा स्मरण राहत नाही.

या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच परिसरातील आहे. कल्याणच्या जोशी कुटुंबातील आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांनी अमेरिकेतील वैद्यकीय पदवी संपादन केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्या चरित्राचा विचार बहुधा पतीचा हट्ट, समाजाचा विरोध आणि अकाली मृत्यू या अंगांनी केला जातो. प्रवेशपात्रतेच्या अंगाने त्याकडे फारसे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. मुंबई विद्यापीठाच्या आरंभकाळातील प्रवेशपात्रतेचे स्वरूप समजून घेणे.
२. आनंदीबाई जोशी यांच्या प्रवेशाचे प्रकरण त्या पार्श्वभूमीवर तपासणे.
३. प्रवेशाच्या नियमाला केलेला अपवाद आणि बदललेला नियम यांतील फरक स्पष्ट करणे.

मॅट्रिक : प्रवेशाचे द्वार

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तिन्ही विद्यापीठांनी लंडन विद्यापीठाचा नमुना स्वीकारला. विद्यापीठाने स्वतः शिकवावयाचे नाही, संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावयाची व पदव्या द्यावयाच्या, असा हा नमुना होता. साहजिकच प्रवेशासाठीही परीक्षाच आली. हीच मॅट्रिक्युलेशन परीक्षा, म्हणजे आपल्या बोलीतील 'मॅट्रिक' होय.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. शंभराहून अधिक उमेदवारांपैकी जेमतेम वीस-बावीस जण उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीच होत. या अल्प संख्येवरून परीक्षेचा कस दिसून येतो. मात्र अनुत्तीर्ण झालेल्यांच्या पलीकडे, परीक्षेपर्यंत पोहोचूच न शकलेल्यांचा फार मोठा समाज होता. मॅट्रिकला बसण्यासाठी इंग्रजी शिकविणारी शाळा आवाक्यात असावी लागे, तिथे काही वर्षे राहण्याची ऐपत असावी लागे आणि शिकणारा मुलगा असावा लागे. यांपैकी शेवटची अट कोणाला लिहून ठेवण्याचीही गरज वाटली नव्हती. विद्यापीठाच्या नियमांत उमेदवाराचा उल्लेख पुल्लिंगी होता. त्यात स्त्रियांचा समावेश होतो की नाही, हा प्रश्न १८७५ च्या सुमारास एका पारशी पित्याने आपल्या मुलीसाठी विचारणा केली तेव्हा उपस्थित झाला आणि त्या वेळी त्याचे उत्तर नकारार्थी मिळाले.

नियमांचे स्वरूप पुरुषांच्या बाबतीतही किती यांत्रिक असू शकते, याचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मचरित्रात मिळते. सहावी इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैलांची वाट पायी तुडवीत गेले. परंतु उमेदवाराचे वय सतरा वर्षे असावे, अशी अट होती. कर्वे दिसावयास लहान असल्यामुळे त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. वयाची अट कर्वे प्रत्यक्षात पूर्ण करीत होते. अट तपासणाऱ्या व्यक्तीच्या नजरेला मात्र ती पूर्ण झालेली दिसली नाही.

कल्याण ते फिलाडेल्फिया

कल्याण रेल्वेने मुंबईशी १८५४ सालीच जोडले गेले होते. म्हणजे अंतराच्या दृष्टीने कल्याण हे विद्यापीठापासून फार दूर नव्हते. तरीही ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेला या जवळिकीचा उपयोग नव्हता. वयाच्या नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला व ती आनंदीबाई झाली. तिचे शिक्षण प्रामुख्याने पतीकडून, घरी आणि त्यांच्या बदल्यांच्या ओघात अलिबाग, मुंबई, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे विस्कळीत स्वरूपात झाले. क्रमाने इयत्ता उत्तीर्ण होऊन मॅट्रिकपर्यंत जाण्याचा मार्ग तिला लाभला नाही. पंधराव्या वर्षाच्या आत ती माता झाली व अवघ्या काही दिवसांत तिचे मूल दगावले. वैद्यकीय शिक्षणाची तिची ओढ या अनुभवाशी निगडित असल्याचे चरित्रकार मानतात.

त्या काळी भारतात स्त्रीला डॉक्टर होण्याचे मार्ग अत्यल्प होते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये काही स्त्रियांना प्रवेश दिला होता. इतरत्र सुईणींचे वर्ग होते. अमेरिकेस जाण्याची कारणे स्पष्ट करण्यासाठी आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे जे इंग्रजी भाषण केले, त्यात या वर्गांतील शिक्षण अपुरे असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आश्रय दिला. एका मिशनरी नियतकालिकात छापून आलेल्या गोपाळरावांच्या पत्रव्यवहारावरून कार्पेंटरबाईंना या दांपत्याची माहिती झाली होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते ते आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदाधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले होते. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करीत नसू, हे आनंदीबाईंनी या पत्रात आडपडदा न ठेवता मान्य केले आहे. आपले प्रकरण सर्वसामान्य नसल्यामुळे त्याचा विचार सहानुभूतीने व्हावा, अशी विनंती त्यांनी केली आहे. स्वदेशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांची सेवा करण्यासाठी आपण आलो आहोत आणि स्वकीयांच्या विरोधाला तोंड देऊन इथवर पोहोचण्याचा निर्धार हाच आपल्या पात्रतेचा पुरावा मानला जावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

इथे पात्रतेचे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे होताना दिसतात. उमेदवाराला हे शिक्षण पेलवेल काय, हा पहिला प्रश्न आणि उमेदवार ठरलेल्या वाटेने आला आहे काय, हा दुसरा. एरवी दुसऱ्याचे उत्तर हेच पहिल्याचे उत्तर मानले जाते, कारण ती सोय आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर शक्यच नव्हते, कारण ती वाटच त्यांच्यासाठी खुली नव्हती. प्राचार्या रेचल बॉडली यांच्या महाविद्यालयाने पहिल्या प्रश्नाला महत्त्व दिले आणि अठरा वर्षांच्या आनंदीबाईंना प्रवेश दिला.

एक बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. सवलत प्रवेशापुरतीच होती, पदवीच्या परीक्षेत नव्हती. आनंदीबाईंनी इतर विद्यार्थिनींप्रमाणेच अभ्यासक्रम पूर्ण केला, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. ही पदवी मिळविली. प्रवेशाच्या अटी शिथिल केल्या की दर्जा घसरतो, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. त्याची तपासणी करताना प्रवेशाचा दर्जा व पदवीचा दर्जा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून लक्षात यावे.

अपवादाची मर्यादा

तथापि या घटनेचा केवळ गौरव करून थांबणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. हा अपवाद कोणाच्या वाट्याला आला, हेही पाहणे आवश्यक आहे. आनंदीबाईंना इंग्रजीत पत्र लिहिता येत होते. पतीला सरकारी नोकरी होती. अमेरिकेत त्यांच्यासाठी घर उघडणारी एक स्त्री होती. या तीन गोष्टी त्याच काळात ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या वा वारल्याच्या मुलीजवळ नव्हत्या. तिच्या अंगी कितीही बुद्धी असली तरी तिचे पत्र फिलाडेल्फियाला पोहोचणे अशक्य होते. अपवादासाठी अर्ज करता येणे, हीसुद्धा एक न लिहिलेली पात्रताच असते.

शिवाय अपवादाने प्रवेश मिळतो, आधार मिळतोच असे नाही. परक्या हवामानात आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नियुक्ती झाली होती, परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

म्हणून खरा बदल तेव्हा होतो, जेव्हा अपवादाचे रूपांतर नियमात होते. योगायोग असा की, आनंदीबाईंनी देश सोडला त्याच १८८३ साली मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. १८८८ साली कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांना 'विशेष बाब' म्हणून विनंती करावी लागली नाही. पुढे १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून शिक्षण आणि विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा यांद्वारे त्यांनी मॅट्रिकच्या द्वाराशेजारी दुसरे द्वार उभे केले. साताऱ्यास दारातून परत फिरावे लागलेल्या मुलानेच पुढे हे कार्य करावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात मॅट्रिकची जागा एस. एस. सी. ने घेतली. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन हा आकृतिबंध स्वीकारला व बारावीची परीक्षा पदवीचे प्रवेशद्वार बनली. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम राबविला. आनंदीबाईंनी पत्राद्वारे जी संधी मागितली, ती इथे नियमाने देऊ करण्यात आली, असे म्हणता येईल.

आपल्या परिसरापुरते पाहिल्यास अंतर हीदेखील दीर्घकाळ एक अट होती. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय १९६९ साली आणि कल्याणात बिर्ला महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. तोपर्यंत मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या इथल्या अनेक मुलामुलींसाठी महाविद्यालय म्हणजे मुंबईचा रोजचा रेल्वेप्रवास होता. तो ज्यांच्या घरांना परवडत नव्हता किंवा मानवत नव्हता, ते कागदावर पात्र असूनही महाविद्यालयाबाहेरच राहिले.

एक तुलना

हा अनुभव केवळ आपला नाही. पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींमध्येही हाच नमुना रुजला. सिएरा लिओनमधील फोरा बे महाविद्यालय १८७६ मध्ये डरहॅम विद्यापीठाशी संलग्न झाले. नायजेरियातील इबादान आणि गोल्ड कोस्टमधील (आजचा घाना) लेगॉन येथील महाविद्यालये १९४८ मध्ये लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाली. १९५२ मध्ये या प्रदेशासाठी पश्चिम आफ्रिका परीक्षा मंडळ स्थापन झाले. नायजेरियाने १९७८ मध्ये विद्यापीठप्रवेशासाठी स्वतंत्र केंद्रीय मंडळ निर्माण केले. या मंडळाच्या परीक्षेच्या नावात 'मॅट्रिक्युलेशन' हा शब्द अद्याप टिकून आहे. विद्यापीठप्रवेशासाठी तिथे शालान्त परीक्षेत सामान्यतः इंग्रजीसह पाच विषयांत विहित श्रेणी लागते आणि त्याखेरीज केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. त्या देशांतील विद्यार्थी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत येतात तेव्हा त्यांच्या प्रमाणपत्रांची समकक्षता आपण तपासतो. एकाच घराण्यातील दोन कागद आपण त्या वेळी समोरासमोर ठेवीत असतो, याची जाणीव असणे उपयुक्त ठरेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रवेशपात्रतेचे नियम आवश्यक आहेत, कारण नियम नसतील तर प्रवेश ओळखीपाळखीवर जाईल आणि त्यात दुर्बळांचेच अधिक नुकसान होईल. मात्र प्रत्येक नियमामागे एक विशिष्ट वाट गृहीत धरलेली असते. ती ज्यांना उपलब्ध नव्हती त्यांची क्षमता नियम मोजू शकत नाही. अशा वेळी अपवाद करणे हे संस्थेच्या विवेकाचे लक्षण होय. परंतु तेच अपवाद वारंवार करावे लागत असतील, तर नियम तपासण्याची वेळ आली आहे, असे समजावयास हवे.

पात्रता छाननीचे काम आपणांपैकी अनेकांकडे येते. शिक्षणात खंड पडलेली विवाहित मुलगी, स्थलांतरित मजुराचा मुलगा, दुसऱ्या राज्याच्या मंडळाचा अपुरा कागद घेऊन आलेला विद्यार्थी हे आपल्यासमोर उभे राहतात. नियम मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही व तो असूही नये. परंतु त्रुटी कागदाची आहे की क्षमतेची, हे विचारणे, कागदाची असल्यास ती भरून काढण्याचा विहित मार्ग विद्यार्थ्याला सांगणे आणि असा मार्गच नसेल तर ती गोष्ट विद्यापीठाच्या प्राधिकरणांपुढे लेखी मांडणे आपल्या अधिकारात निश्चितच आहे. अशा नोंदी महाविद्यालयांनी दरवर्षी जपून ठेवल्या, तर कोणत्या नियमामुळे कोण बाहेर राहत आहे, हे पुढील अभ्यासकाला चरित्रग्रंथांवर विसंबून न राहता सांगता येईल.