वरचं आणि खालचं

‘वरचं एकशेचाळीस, खालचं नव्वद.’ डॉक्टरांकडून आलेला पेशंट हे दोन आकडे घरात एका दमात सांगून टाकतो. पण ही जोडी एकत्र जन्मलेली नाही. वरचा आकडा १८९६ साली इटलीत बोटांना सापडला. खालचा नेमका हाती लागला तो नऊ वर्षांनी, रशियात, कानांना. आणि या आकड्यांवर औषध द्यायलाच हवं, हे वैद्यकाच्या गळी उतरायला त्यापुढेही साठेक वर्षं गेली.

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला तो एका पाद्र्यानं, आणि तोही घोडीचा. लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या स्टीफन हेल्सनं घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची नळी बसवली आणि तिला नऊ फुटी काचेची नळी जोडली. रक्त सव्वाआठ फूट चढलं आणि हृदयाच्या ठोक्यागणिक खालीवर होऊ लागलं. हा सगळा प्रयोग त्यानं १७३३ साली पुस्तकात छापला.

नऊ फुटी नळी कोण बाळगणार? पॅरिसच्या प्वाझय यानं १८२८ साली त्यावर तोड काढली. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या छोट्या नळीत काम भागलं. विषारी म्हणून पारा आता दवाखान्यांतून हद्दपार होत आला आहे, पण हातावर पट्टा गुंडाळणारं बॅटरीवरचं मशीनही दाब सांगतं तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच.

अडचण एकच होती : धमनीत नळी घातल्याशिवाय मोजमाप नाही. ती बाहेरूनच दाबून मोजायची धडपड व्हिएन्नात फॉन बाश यानं १८८१ साली केली होती, पण रोजच्या वापरात टिकेल असं यंत्र बनवलं ते तुरीनच्या शिपिओने रिवा-रोच्ची यानं. साहित्य अगदी घरगुती : सायकलची ट्यूब, शाईची दौत, पारा. पट्टा दंडाला बांधायचा, मनगटाची नाडी बोटांखाली ठेवायची आणि फुगा दाबत जायचा. नाडी बुडाली की हवा हळूहळू सोडायची. ती पुन्हा लागेल तेव्हा पारा जिथे असेल तो वरचा आकडा. पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद असल्यानं दाब वाजवीपेक्षा जास्त दिसे. १९०१ साली फॉन रेकलिंगहाउझेननं तो रुंद केला. त्याच वर्षी अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंगनं पावियाच्या इस्पितळात हे यंत्र पाहिलं आणि बाल्टिमोरला नेलं.

रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कोव्हचा प्रश्न वेगळाच होता. रशिया-जपान युद्धातल्या जखमींच्या फाटलेल्या रक्तवाहिन्यांवर त्यानं काम केलं होतं. मोठी धमनी बांधली तर हात-पाय जगेल का, हे त्याला आधी कळायला हवं होतं. त्यासाठी तो धमन्यांना स्टेथोस्कोप लावून ऐके. रिवा-रोच्चीच्या पट्ट्याखाली, कोपराच्या खोबणीत त्यानं तो टेकवला. पट्टा गच्च असताना काहीच ऐकू येत नाही. हवा सुटू लागली की ‘टक्’ असा पहिला आवाज येतो, ते वरचं. मग अर्धवट दबलेल्या धमनीतून रक्त घुसताना फुसफुस, पुन्हा ठळक ठोके, आणि धमनी पूर्ण मोकळी झाली की आवाज विरतो, ते खालचं. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यक अकादमीत त्यानं हे मांडलं. निवेदन पानभरही नव्हतं.

आकडे मिळाले, पण करायचं काय? विमा कंपन्या हप्ता ठरवण्यासाठी दाब बघू लागल्या. डॉक्टरांपैकी अनेकांना मात्र वाटे, की कडक झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलायला शरीरच दाब वाढवतं, तेव्हा तो उतरवू नये. उतरवणारी धड औषधंही नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दुपारी वरचा आकडा तीनशेवर होता.

चारच वर्षांनी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीनं दाब उतरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. वैद्यांच्या वापरातली ही मुळी पाश्चात्त्य डॉक्टरांच्या नजरेत भरली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं.

हेच रेसर्पिन आणखी दोन औषधांसोबत अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतल्या चाचणीत वापरलं गेलं. एडवर्ड फ्राइस यांच्या पुढाकारानं झालेल्या या चाचणीत खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना नुसत्याच गोळ्या. १९६७ साली निकाल छापून आला : नुसत्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत, औषधाच्या गटात दोघांना. खालचा दाब ९० ते ११४ असलेल्यांचा निकाल यायला मात्र १९७० साल उजाडलं.