सिन्नर : यादवांची पहिली राजधानी



नाशिकहून पुण्याच्या सडकेस लागलें म्हणजे सुमारें १८ मैलांवर सिन्नर येतें. पुष्कळ मंडळी तेथें गोंदेश्वराचें देऊळ पाहतात, ‘हेमाडपंतानें बांधलें’ म्हणतात आणि पुढें निघतात. माझ्या मतें या एका वाक्यानें त्या गांवावर मोठा अन्याय होतो.

हेमाडपंत ऊर्फ हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकांतील, म्हणजे त्याच्या पूर्वींचें. काळ्या पाषाणाचें हें पंचायतन. मध्यें शंकराचें मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांस सूर्य, गणपति, देवी व विष्णु यांचीं लहान देवळें. चुन्यावांचून रचलेलें प्रत्येक जुनें देऊळ हेमाडपंताच्या नांवावर घालण्याची आपल्याला संवयच जडली आहे!

मौज अशी कीं, हेमाद्रीचे सिन्नरवर उपकार आहेत ते वेगळेच. त्याच्या ‘व्रतखंडा’च्या आरंभीं यादवांची वंशावळ आहे. ती जुन्या ताम्रपटांशीं ताडून पाहिली म्हणजे कळतें कीं, मूळ पुरुष दृढप्रहार, त्याचा पुत्र सेउणचंद्र. त्याच्या नांवानें सेउणपुर वसलें आणि प्रदेशास सेउणदेश म्हणूं लागले. सेउणपुर म्हणजेच सिन्नर, असें बहुतेक संशोधक मानतात. दुसऱ्या भिल्लमाचा संगमनेरचा ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० चा.

त्याच सुमारास दूर स्वीडन देशांत सिग्तुना या नगरीं तेथील राजा आपलीं पहिलीं नाणीं पाडीत होता. पुढें स्टॉकहोम वाढलें, सिग्तुना लहानच राहिलें. इकडे पांचव्या भिल्लमानें ११८७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी केली, आणि सिन्नर मागें पडलें. १२९६ त अल्लाउद्दीन खिलजी खजिन्यासाठीं धांवून आला तो देवगिरीवर.

मग बहामनी आले, निजामशाही आली, १६३६ नंतर मोंगल, त्यांच्यामागून पेशवे, आणि १८१८ त इंग्रज. १६७९ त जालन्याच्या स्वारीहून परततांना शिवाजी महाराज जवळच्याच पट्टा किल्ल्यावर विसांवले. म्हणून त्याचें नांव विश्रामगड.

सिन्नरांत सरस्वती नदीकांठीं ऐश्वर्येश्वराचें एक लहानसें देऊळ आहे. तें गोंदेश्वराहूनही जुनें मानतात. पुढच्या खेपेस अर्धा तास अधिक काढून तेथवर अवश्य जावें.