सिल्वासाची मुक्ती आणि गावकऱ्यांचा वाटा

१९५४ सालच्या ३१ जुलैला शनिवार होता. त्या दिवशी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शंभरएक स्वयंसेवक भर पावसात पुण्याहून निघाले आणि सोमवारी, २ ऑगस्टला, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या नगर हवेलीचे मुख्य ठाणे असलेल्या सिल्वासावर तिरंगा चढला. महाराष्ट्रात ही हकिकत अभिमानाने सांगितली जाते, आणि ते रास्तच आहे. मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून लता मंगेशकर पुण्यात हिराबागेत गायल्या होत्या. पण एवढेच सांगून थांबले की दादरा आणि नगर हवेली म्हणजे शनिवार-रविवारच्या धाडीत हाती आलेली एखादी गढी वाटू लागते. माझ्या मते त्या दोन दिवसांचे यश आधीच्या गाठीभेटींवर उभे होते आणि नंतरच्या सात वर्षांमुळे टिकले. या दोन्ही काळांत बाहेरून आलेला कार्यकर्ता आणि गावातला माणूस यांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते.

मुळात हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तो मराठ्यांच्याच हातून. मराठी आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले. पुढे १७७९ चा तह झाला आणि भरपाईपोटी १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे पोर्तुगिजांकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये मिळवले. पेशव्यांनी दिला होता तो गावांचा महसूल, सरंजामासारखा. पण इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व मानले जाऊ लागले. त्यामुळे १९५४ मध्ये पुण्यामुंबईच्या तरुणांच्या दृष्टीने दमणगंगेकाठचा हा प्रदेश कायद्याने परदेश होता. या परदेशात राजा वाकणकर आणि नाना काजरेकर हे कार्यकर्ते मोहिमेपूर्वी अनेकदा जाऊन आले. वाटा पाहिल्या, आणि मुक्तीसाठी आधीपासूनच धडपडणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या ओळखी केल्या. इतिहासाच्या पुस्तकांत या फेऱ्यांना एखाद-दुसरे वाक्य मिळते. माझ्या मते मोहिमेचा निम्मा भार त्यांनीच उचलला. जुलैचा शेवट म्हणजे आवणीचे दिवस. डोईवर इरले घेतलेले अख्खे गाव चिखलात वाकलेले असते, आणि बांधावरून जाणारा परका माणूस लांबूनच ओळखू येतो. अशा दिवसांत शंभर अनोळखी माणसे सिल्वासापर्यंत पोहोचली आणि तिथल्या पोलिसांना सावरायला वेळ मिळाला नाही. गावांनी तोंड उघडले नाही, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. आदिवासी तर गप्पच राहिले, गप्प राहणे म्हणजे सहभाग कसा? पण हा गप्पपणा भोळा नव्हता. सरहद्दीच्या अलीकडे, डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत, १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत वारली आदिवासी वेठीविरुद्ध, लग्नाच्या कर्जापोटी राबणाऱ्या लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध उभे राहिले होते. वारल्यांची सोयरीक पोर्तुगीज चौकीपाशी संपत नव्हती. अलीकडच्या पाड्यावर वेठ थांबली, ही बातमी पलीकडच्या पाड्यावर पोहोचायला वर्तमानपत्र लागत नव्हते. १९५४ मध्ये साम्यवादी कार्यकर्त्यांबरोबर वारल्यांनी प्रत्यक्ष भागही घेतला. दादरा २२ जुलैला मोकळे झाले ते फ्रान्सिस मास्कारेन्हास यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सकडून; नरोली २८ तारखेला आझाद गोमंतक दल आणि संघाच्या स्वयंसेवकांकडून. प्रत्येक पक्षाने पुढे आपापली कहाणी लिहिली. या कहाण्यांत सेनापती बदलतो, पण वाट दाखवणारा माणूस प्रत्येकीत आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचे नाव नाही. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो दीडएकशे शिपाई घेऊन खानवेलच्या रानात मागे सरला आणि ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. रानाने आणि रानातल्या माणसांनी आसरा दिला असता, तर एवढ्या बंदुका इतक्या लवकर खाली ठेवाव्या लागल्या नसत्या.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मांडला: हे सारे भारतानेच घडवले. भारताची मदत नाकारण्यात अर्थ नाही. सरहद्दीवर भारतीय पोलीस अधिकारी नगरवाला यांच्या हाताखाली राखीव पोलीस होते, आणि दमणहून कुमक येऊ दिली गेली नाही. पण १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरवले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळण्याचा हक्क मान्य झाला. तरी तेव्हाच्या तणावात भारताने वाट रोखली यात कर्तव्यभंग नाही, असेही ९ विरुद्ध ६ मतांनी म्हटले. भारताच्या बाजूला एक वस्तुस्थिती होती: निकाल लागेपर्यंत सिल्वासात भारताचे नव्हे, तर मुक्तीनंतर तिथे स्थापन झालेल्या वरिष्ठ पंचायतीचे राज्य चालू होते.

ही सात वर्षे आपण फार कमी आठवतो. १९६१ च्या जनगणनेत ज्याची वस्ती जेमतेम ५८ हजार भरली, त्या मुलखाने आप्पासाहेब करमळकरांसारख्या बाहेरून आलेल्या प्रशासकांना हाताशी धरून आपला कारभार चालवला, शेजारच्या मुंबई राज्याचे दोन तुकडे होताना पाहिले आणि स्वतः कोणत्याही तुकड्यात न जाता थेट केंद्राकडे विलीनीकरण मागितले. भारत सरकारचे अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करावे लागले, कारण नेहरूंशी करारावर सही करायला त्या तोलामोलाचा कोणीतरी हवा होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात आला. अर्थात, हे आदिवासींचे राज्य होते असे म्हटले तर ते खरे ठरणार नाही. कारभार शिकलेल्यांच्या हाती होता आणि पोर्तुगीज काळातले अल्वारा हे जमिनीचे पट्टे तसेच राहिले. त्या पट्ट्यांवर राबणाऱ्याला हक्क देणारा जमीन सुधारणेचा कायदा १९७१ मध्ये आला, म्हणजे तिरंगा चढल्यावर सतरा वर्षांनी. ज्यांच्या मौनावर मोहीम पार पडली, त्यांच्या पदरात जमीन पडायला एवढा काळ लागला, आणि सिल्वासाच्या मुक्तीचा हिशेब मांडताना हा विलंब वगळून चालणार नाही.