शेवटापासून सुरुवात

या विकांताला शेगावला बहिणीकडे गेलो होतो. दर्शन, कचोरी आणि दुपारची झोप एवढाच कार्यक्रम. पण भाचा तोंड पाडून बसलेला. विचारलं तर म्हणे, बुद्धिबळ सोडलं.

झालं असं, की एका स्पर्धेत त्याच्याकडे राजा आणि हत्ती होते, समोर नुसता राजा. म्हणजे जिंकलेलाच डाव! पण घाईत असं घर निवडलं, की समोरच्याला शह नाही आणि हलायलाही जागा नाही. स्टेलमेट. डाव बरोबरीत.

"मामा, सिसिलियन पाठ आहे मला चौदा चालींपर्यंत. तरी असं कसं झालं?"

तर मंडळी, उत्तर त्याच्या प्रश्नातच आहे. पण ते सांगायला थोडा इतिहास उगाळावा लागेल.

१८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचं. मूळ 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ, त्यावरून युरोपियन पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं हे भाषांतर. शिकणाऱ्याचा खेळ सुधारावा आणि स्मरणशक्तीला व्यायाम व्हावा, हा हेतू लांबलचक शीर्षकातच सांगून टाकलेला. आणि आत काय? मुख्यतः पटावरच्या अवघड जागा. मोहरी मांडायची नि मात शोधायची. आज मोबाईलवर आपण जी कोडी सोडवतो ना, तोच प्रकार, दोनशे वर्षांपूर्वीचा.

आपल्याकडे तेव्हा देशी नियमांनी डाव चाले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी. त्यामुळे सुरुवात संथ. झटपट चढाई वगैरे भानगड नाही. खरी कसोटी पुढेच लागायची.

याच देशी खेळात तयार झालेला एक माणूस म्हणजे पंजाबचे मीर सुलतान खान. युरोपियन नियम ते नंतर शिकले. १९२९ मध्ये इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. मग १९३२ आणि १९३३ मध्येही. ओपनिंगच्या पुस्तकी अभ्यासात इंग्रज त्यांच्या कितीतरी पुढे होते. पण डाव लांबला, मोहरी कमी झाली, की सुलतान खान भारी पडत. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं, तेही सावकाश आवळत आवळत. फिडेनं २०२४ मध्ये त्यांना मानद ग्रँडमास्टर केलं. उशिरा का होईना!

गंमत अशी, की हरलेल्या कापाब्लांकाचंही मत तेच होतं. १९२१ साली आलेलं त्याचं नवशिक्यांसाठीचं पुस्तक सुरू होतं ते सोप्या मातांपासून. आणि त्यातली पहिली कुठली? राजा आणि हत्तीनं एकट्या राजावर केलेली. म्हणजे आमच्या भाच्याचाच डाव!

आता थेट आपल्या विदर्भात येऊ. शेगावहून रेल्वेत बसलं की याच लाईनवर पुढे नागपूर. तिथली दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली. वय १९. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. दोन क्लासिकल डाव बरोबरीत, पहिला रॅपिड बरोबरीत आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये दिव्याचा विजय. त्या एका विजयानं ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टरही झाली. आणि जिंकल्या जिंकल्या काय म्हणाली असेल? तर आपल्याला एंडगेम शिकायला हवा, शेवटी आपण घोळ घातला! विश्वचषक हातात असताना. (आपण रिलीज झाल्यावर बग कबूल करतो का कधी?)

हे मी भाच्याला सांगितलं. त्याला बरं वाटलं, कारण घोळ घालणाऱ्यांत मोठी नावं निघाली. :)

मग पट मांडला. फक्त तीन मोहरी. हत्तीनं एक भिंत घालायची, समोरचा राजा एका खोलीत. आपला राजा जवळ आणायचा, मग भिंत एक घर सरकवायची. खोली लहान होत होत पटाची कड येते. आणि प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न : त्याला जायला एक तरी घर उरतंय ना? कुठूनही सुरुवात केली तरी अचूक खेळलं तर जास्तीत जास्त १६ चालींत मात होते. त्याला पहिल्यांदा चाळीसच्या वर लागल्या. संध्याकाळपर्यंत वीसवर आला.

माझ्या मते नवशिक्यानं असंच उलटं शिकावं. आधी राजा-वजीर नि राजा-हत्तीची मात. मग राजा आणि एकटं प्यादं. रोज चार-पाच कोडी, हात न लावता, डोक्यात सोडवायची. हरलेला प्रत्येक डाव लिहून ठेवायचा आणि कुठे चुकलं ते आधी स्वतः शोधायचं, मग इंजिनला विचारायचं. इंजिन उत्तर देतं, पण शोधायची सवय देत नाही. ओपनिंग हवी तेवढी शिका, पण नंतर. चौदा चाली पाठ असल्या तरी समोरचा तिसरीलाच वेगळं खेळतो. तीन मोहऱ्यांचं गणित मात्र बदलत नाही.

निघताना भाच्यानं स्टेशनवर विचारलं, "मामा, पुढच्या वेळी प्यादंवालं?"

म्हणजे सोडलेलं नाही. असो. गाडी आली.